जास्तीचा चिंचोका

कप्तान आउट व्हायचा, पण जायचा नाही. गावात त्याची आठवण निघाली की लोक इथूनच सुरू करतात, म्हणून मीही इथूनच करतो.

भांडायचा नाही तो. शिवी नाही, आवाज नाही. बॅट काखेत धरून जागेवर उभा राहायचा आणि म्हणायचा, "मले समजावून सांग." मग बॉलर यायचा, कीपर यायचा, पार धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभा असलेला फील्डरसुद्धा चालत यायचा. लग्नात जावई रुसला की मंडपातली सगळी मंडळी कशी गोळा होतात, तसं. एकेकानं समजावायचं, कोणी हाताला धरायचं, कोणी पाण्याचा गिलास आणायचा. मग निघायचा. निघताना बॉलरच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "बॉल चांगला होता तुया. मले पटलं नाही ते वेगळं."

हे फक्त बाहेरगावी. आपल्या गावात मॅच असली की अंपायरचं बोट वर जायच्या आत हा चालू लागलेला असायचा. मी एकदा विचारलं, असा दोन तोंडाचा काऊन वागतो? तर म्हणाला, घरच्या माणसाला जा म्हटलं तर चालते. पाहुण्याला जा म्हणत नसतात, त्याला समजावून लावतात.

हे त्याचं बाहेरगावचं शास्त्र. असं पुष्कळ होतं.

आमचं गाव मेहकर तालुक्यातलं. पैनगंगा जवळ आहे, पण तिचं पाणी वावराला येईल इतकी जवळ नाही. कप्तानाची गावात पिठाची गिरणी होती. तो बारा महिने पांढरी पँट आणि पांढरा सदरा घालायचा. पीठ उडालं तर दिसू नये म्हणून. मला तर वाटतं कपडे आहेतच, तर क्रिकेटही खेळून घेऊ, असंच त्याच्या मनात आलं असेल. पुढं त्यानं अकराही जणांना पांढरं घालायला लावलं. टेनिस बॉलची क्रिकेट, हरभरा काढलेलं धसकटाचं वावर, आणि त्यात आमची टीम बगळ्यांसारखी.

त्याच्याकडं एक पॅड होतं. जोडी नाही, एकच. ते तो डाव्या पायाला बांधायचा. टेनिस बॉल पायाला लागला तर माशी बसल्यासारखं वाटतं, त्याला पॅड कशाला पाहिजे? पण म्हणायचा, "हे पॅड नाही बे, हा फेटा हाय. पायाले बांधलेला." एका पायावर वजन जास्त, म्हणून पळताना तो डावीकडं जायचा. सरळ धावलेला मी त्याला कधी पाहिला नाही.

मला क्रिकेट येत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेला, दोन एकराचा माणूस. पण धुऱ्यावरून माझ्या सख्ख्या भावाचं आणि शेजारच्या वावरवाल्याचं भांडण झालं, तेव्हा चार लोकांत मी खरं सांगितलं होतं की धुरा आमच्या भावानंच सरकवला. भाऊ त्यानंतर बोलला नाही माझ्याशी. मेला तरी बोलला नाही. कप्तान दुसऱ्याच दिवशी आमच्या ओट्यावर आला आणि म्हणाला, तू आजपासून अंपायर. मी म्हटलं मला त्यातलं काही कळत नाही. तो म्हणाला, "कळणारे लई हायेत. खरं बोलणारा पाह्यजे." तेव्हापासून त्यानं मला नावानं हाक मारली नाही. अंपायरच म्हणायचा. मीही त्याला कप्तान म्हणायचो.

माझ्या बायकोला हे सगळं खूळ वाटायचं. तिला मी बुढी म्हणायचो, ती तरणी होती तेव्हापासून. पण तिनंच माझ्या जुन्या धोतराचा अंपायरचा कोट शिवला. गुडघ्यापर्यंत लांब, दोन मोठे खिसे. ओव्हरमध्ये किती बॉल झाले ते माझ्या ध्यानात राहीना, तर तिनं तोड काढली. उजव्या खिशात सहा चिंचोके टाकायचे. एक बॉल पडला की एक चिंचोका डाव्या खिशात. उजवा खिसा रिकामा झाला की ओव्हर संपली. दुसऱ्या ओव्हरला डाव्यातून उजव्यात. मला हे एकदम पटलं. तिथं डोकं चालवायचं काम नव्हतं, हात चालला की झालं.

कप्तानाच्या गिरणीत भिंतीला दोन कोनाडे होते. एकात गावात जिंकलेले दोन कप, पिठानं पांढरे झालेले. दुसरा रिकामा. तो बाहेरगावच्या कपासाठी. त्यात कोणाला काही ठेवू द्यायचा नाही. त्याच्या बायकोनं एकदा आगपेटी ठेवली तर यानं गिरणी बंद करून ती घरी नेऊन दिली आणि मग परत येऊन गिरणी सुरू केली. दळणवाल्या बाया तोवर डबे घेऊन उन्हात उभ्या.

त्याला जन्मात एकच पाहिजे होतं. बाहेरगावी एक मॅच जिंकायची. आणि ती जिंकणं त्याच्या शास्त्रात बसत नव्हतं.

म्हणजे पहा. बाहेरगावी गेलं की चहा झाल्याशिवाय टॉस नाही. टॉस जिंकला तरी बॅटिंग की फील्डिंग ते समोरच्याला विचारायचा, कारण गाव त्यांचं, मान त्यांचा. त्यांनी जेवा म्हटलं की टीमला जेवायला बसवायचा, आणि पाहुण्यानं ताटात टाकू नये म्हणून सगळं संपवायला लावायचा. एकदा हिवरा आश्रमाच्या पुढं एका गावात पुरी-वांग्याची भाजी खाऊन आमची टीम फील्डिंगला उतरली. कोणाला वाकताच येईना. बॉल पायांमधून जायचा आणि आमचा माणूस त्याच्याकडं नुसता बघायचा. आणि वरून याचं म्हणणं, ज्याच्या घरचं खाल्लं त्याला लगेच हरवणं शोभत नाही, थोडं थांबून हरवलं पाहिजे. ते थोडं थांबणं कधी संपलंच नाही. आम्ही बाहेरगावची एकही मॅच जिंकलो नाही.

बाहेरगावचा सगळ्यात मोठा सामना तर आम्ही खेळलोच नाही.

लोणारच्या अलीकडं एक गाव आहे. तिथली टीम चांगली होती, त्यांचा कप्तान पोल्ट्रीवाला. महिनाभर आधी फोनवर मॅच ठरली होती. आम्ही काळीपिवळी जीपमध्ये बसून निघालो, अकरा जण पांढऱ्या कपड्यांत, मी पांढऱ्या कोटात. गावाच्या तोंडाशी पारावर एक म्हातारा बसला होता. त्यानं आम्हाला पाहिलं आणि काही न विचारताच हात केला. सरळ जा म्हणे, उजव्या हाताला मंडप दिसेल.

मंडप ऐकून कप्तानाची छाती फुगली. आमच्याकडं वळून म्हणाला, याला म्हणतात गाव. खरंच मंडप होता. सतरंज्या होत्या, मोठ्या गंजात भाजी शिजत होती. दोन माणसं पुढं आली, हात धुवायला पाणी दिलं, प्यायला पाणी दिलं. कप्तान गटागटा पाणी प्याला. तेवढ्यात पोल्ट्रीवाला आतून आला, टक्कल केलेला, आणि कप्तानाच्या गळ्यात पडून रडायलाच लागला.

त्याच्या मायची तेरवी होती.

माय गेली त्या गडबडीत मॅचचं तो पार विसरला होता. आणि आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. त्याला वाटलं आम्ही तेरवीला आलो. अख्खी टीम, गाडी करून, पांढरे कपडे घालून. आमच्यातला एक जण कानाशी येऊन म्हणाला, चला निघू, बॅटी गाडीतच ठेवा कोणाला दिसायच्या आत. कप्तान त्याला हळूच म्हणाला, "पाणी पेलो बे आता."

बस. पाणी प्यालो म्हणजे संपलं. आम्ही बसलो. कप्तान पोल्ट्रीवाल्याशेजारी मांडी घालून बसला आणि त्यानं विचारलं, "मायनं शेवटी काय खाल्लं होतं?" तो कोणाच्याही मयतीला गेला की हेच विचारायचा. आजार काय होता, वय किती होतं, असलं काही नाही. पोल्ट्रीवाल्यानं डोळे पुसले आणि सांगू लागला, की मायला पेरू पाहिजे होता, पेरूचे दिवस नव्हते, तर कुठून कुठून आणला, आणि तिनं नुसता वास घेतला. तो सांगत राहिला. बाकी लोक त्याला धीर धर धीर धर म्हणत होते, त्यामुळं त्याला बोलायलाच मिळालं नव्हतं.

पंगतीत जेवलो. वाढणारे आग्रह करत होते. कप्तानानं कोणाला ताटात टाकू दिलं नाही. निघताना पोल्ट्रीवाल्याच्या थोरल्या काकांनी माझ्या कोटाकडं पाहून विचारलं, हे डॉक्टर आहेत का? कप्तान म्हणाला, नाही, न्यायाधीश.

 परत येताना मेहकर जवळ आल्यावर कप्तान म्हणाला, पाहुणचार चांगला होता. मग थोड्या वेळानं म्हणाला, आज जिंकलो असतो आपण.

चिंचोक्याचं भांडण त्याच्या पुढच्या हंगामातलं. गाव दुसरंच. कप्तान त्या दिवशी कधी नव्हे ते चांगला खेळत होता. कोनाडा भरतो की काय असं आम्हालाही वाटू लागलं होतं. आणि एका ओव्हरच्या शेवटच्या बॉलला त्याच्या दांड्या उडाल्या. तिन्ही. त्यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. पण तो हलला नाही. म्हणाला, हा सातवा होता.

मी उजवा खिसा उलटा करून दाखवला. आत्ता रिकामा झाला होता. डाव्या खिशात हात घालून चिंचोके बाहेर काढले आणि सगळ्यांसमोर मोजले. सात निघाले. म्हणजे सकाळपासून आम्ही सात-सातची ओव्हर खेळत होतो आणि कप्तानाशिवाय कोणी मोजलं नव्हतं. मी म्हटलं, सगळ्यांना सात मिळाले, तुलाही सात. बोल्ड तो बोल्ड. त्याला पाठवायला त्या दिवशी त्या गावच्या सरपंचाला बोलवावं लागलं.

घरी आल्यावर तो तणतणत थेट आमच्या चुलीपाशी. बुढी भाकरी थापत होती. तिनं शांतपणे सांगितलं की एक जास्तीचा मीच टाकला, एखादा हरपला तर? डब्यात एक भाकर जास्तीची टाकतोच ना आपण.

"क्रिकेट भाकरीवर नाही चालत वहिनी," कप्तान म्हणाला.

"मंग उपाशी खेळत जा," ती म्हणाली. आणि त्याच्यापुढं ताट सरकवलं. तो जेवला. जेवताना दोनदा म्हणाला, पण सातवा होता.

त्यानंतर प्रत्येक बाहेरगावच्या मॅचला निघताना तो आमच्या ओट्यावर यायचा, माझ्या कोटाच्या खिशात हात घालायचा आणि चिंचोके मोजायचा. आतून बुढी विचारायची, किती भरले? तो म्हणायचा, सहा. ती म्हणायची, नीट मोज, तुये डोळे आट्यानं भरलेले असतात. वर्षानुवर्षं हेच. कधी कधी ती मुद्दाम सात टाकायची आणि दाराआडून बघत राहायची. तो मोजायचा, एक बाजूला काढायचा आणि उंबऱ्यावर ठेवायचा.  ती तोंडाला पदर लावायची.

औंदा ती गेली. तीन दिवस ताप, आणि संपलं. जास्त लिहिण्यासारखं नाही. पंचेचाळीस वर्षं घरात एक आवाज होता, आता नाही.

मातीच्या दिवशी लोक आले, जे बोलायचं ते बोलले. सुटली म्हणे, सोन्यासारखी गेली म्हणे. कप्तान माझ्या शेजारी बसला.  मग म्हणाला, "वहिनीनं शेवटी काय खाल्लं?"

मी म्हटलं, "खिचडी. मीच केली होती. खारट झाली. तिनं अर्धी खाल्ली."

"सांगितलं नाही तिनं, खारट हाय म्हणून?"

"नाही."

"मंग बिमारच होती," तो म्हणाला. मला त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं, आणि त्याच्या मागून बाकीचं.

मुलगा-सून पुण्याहून आले होते. मुलगा म्हणत होता, बाबा, तेरवी झाली की चला आमच्याकडं, इथं एकट्यानं काय करता. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझ्या तोंडातून ठरवलेली गोष्टच निघत नव्हती. चहा करू का म्हणून सून विचारायची, मी तिच्याकडं बघत राहायचो. जन्मभर लोकांना बाद आणि नाबाद सांगितलं, आणि चहा पाहिजे की नको ते सांगता येईना.

तेरवीच्या दिवशी आमच्या मंडपापुढं दोन गाड्या थांबल्या. त्यातून पंधरा-सोळा माणसं उतरली. भगव्या आणि हिरव्या जर्सी, पाठीवर नंबर, चमकणाऱ्या पँटी. मंडपातल्या बाया रडता रडता थांबल्या. माझी पुण्याची सून मुलाला विचारू लागली, हे कोण? तो पोल्ट्रीवाला होता आणि त्याची टीम. सात नंबरची जर्सी घातलेला तो माझ्या पाया पडला आणि म्हणाला, काका, तुम्ही आमच्या मायच्या तेरवीला खेळाच्या कपड्यात आले होते, म्हणून आम्हीही तसेच आलो. तुमच्यातली तशी रीत असेल असं वाटलं.

मी बसा म्हटलं. दहा नंबर, अठरा नंबर, सगळे ओळीनं सतरंजीवर बसले, मान खाली घालून. पंगतीत त्यांना वाढताना आमचा शेजारी त्यांच्या नंबरावरून हाका मारत होता. अठरा नंबरला वरण.

आणि तिथं, त्या पंगतीत, कप्तानानं मॅच ठरवली. भात कालवता कालवता. इतवारी आम्ही तुमच्याकडं येतो म्हणाला, ती मॅच राह्यलीच हाय. पोल्ट्रीवाला माझ्याकडं बघून चपापला. कप्तान म्हणाला, त्याच्याकडं काय बघतो, तो अंपायर हाय.

मी त्याला मंडपाबाहेर नेऊन झापलं. लाज वाटते का म्हटलं. तो ऐकून घेत होता. मग त्यानं सांगितलं की ही शेवटची आहे. आमच्या टीममधली नवी पोरं कटाळली होती. त्यांचा पुढारी मोबाइलच्या दुकानवाला, पंचविशीतला, बॅट बरी चालायची त्याची. त्यानं गिरणीत येऊन तोंडावर सांगितलं होतं, की काका, आम्हाला बी रंगीत जर्सी पाहिजे, जिंकायची क्रिकेट पाहिजे. आता एक मॅच बाहेरगावी जिंकून दाखवा, नाही तर कप्तानी सोडा. आणि यानं कबूल केलं होतं.

"मंग दुसरा अंपायर पाय," मी म्हटलं.

"दुसरा खरं बोलत नाही."

"मले काही सांगता येत नाही आता. हाव की नाही, काहीच."

"तुले कोण बोलाले सांगते? बोट वर कर."

इतवारी सकाळी तो ओट्यावर आला. कोट खुंटीला होता. तापाच्या आदल्या आठवड्यात बुढीनं तो नीळ घालून धुतला होता, खिसे भरून ठेवले होते. मी तेव्हापासून त्याला हात लावला नव्हता. अंगात चढवला, पण खिशात हात घालवेना. कप्तानानं नेहमीसारखा हात घातला. मोजले. आतून कोणी विचारलं नाही. तो दोन घटका तसाच उभा राहिला, हात खिशात ठेवून.

"किती?" मीच विचारलं.

"बरोबर हायेत," तो म्हणाला. आणि काळीपिवळीकडं चालू लागला.

मॅचला मुलगाही आला. बाबा पडतील-बिडतील म्हणून. चहा झाला, टॉस आम्ही जिंकला, कप्तानानं पोल्ट्रीवाल्याला विचारलं तुम्हाला काय पाहिजे. मोबाइलवाल्यानं कपाळावर हात मारला. पोल्ट्रीवाल्यानं बॅटिंग घेतली.

त्या भागात बॉल एकाच बाजूनं टाकतात, ओव्हर झाली की बॅटवाले जागा बदलतात. म्हणून अंपायर एकच आणि तो मी. मला खेळ दिसत होता आणि दिसत नव्हता. हात चालला होता तेवढा. उजव्या खिशातून डाव्या खिशात. त्या चिंचोक्यांना नीळ लागली होती, बोटं निळसर होत होती. मोबाइलवाला स्कोर त्याच्या फोनवर लिहीत होता. तो दोन-तीनदा फोन घेऊन माझ्याकडं यायला निघाला. कप्तानानं त्याला लांबूनच हात करून थांबवलं. मला वाटलं फील्डिंग लावून राहिला. आमची बॅटिंग आली तेव्हा त्यांचा बॉलरही मधूनच थांबून माझ्याकडं बघायचा. पोल्ट्रीवाला त्याच्या कानात काहीतरी बोलायचा, की तो मुकाट्यानं परत जाऊन बॉल टाकायचा.

शेवटी आमचे नऊ गेले होते. कप्तान समोर, पायाला त्याचा फेटा बांधलेला. ही चालू असलेली ओव्हर आणि तिच्यानंतर एक, एवढंच राहिलं होतं. आठ रन पाहिजे होते. मोबाइलवाला दुसऱ्या बाजूला उभा होता, तो मारू शकला असता. आमची पोरं धुऱ्यावर उभी राहिली होती. मलाही खेळ दिसायला लागला होता. रिकामा कोनाडा मी पुष्कळ वेळा पाहिला होता.

बॉल पडला. कप्तानानं बॅट घातली, बॉल मागं कीपरच्या हातात. कीपर ओरडला, पण बाकीचे ओरडले नाहीत, त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मला गेलं. ज्वारीचं धांड मोडतं तेवढा आवाज. बॅटीला कट लागली होती. सगळं वावर माझ्याकडं बघत होतं. मुलगाही. कप्तान बघत नव्हता, तो पिचकडं बघत होता.

मी बोट वर केलं.

मोबाइलवाला तिकडून धावत आला, तोंड उघडलं त्यानं, पण कप्तानानं नुसतं त्याच्याकडं पाहिलं आणि तो गप झाला. पोल्ट्रीवाला पाण्याचा गिलास घेऊन निघालाही होता, त्याला कप्तानाची रीत ऐकून माहीत होती. बॉलर आला, कीपर आला. समजावायला सगळे जमले. आणि कप्तान वाकला, पॅडचे पट्टे सोडले, पॅड काखेत घेतलं आणि निघाला. सरळ. पॅड नव्हतं ना पायात, पिचवरून पहिल्यांदा सरळ जाताना पाहिला. बाहेरगावी, न समजावता. पोल्ट्रीवाला पाण्याचा गिलास घेऊन तसाच उभा.

काळीपिवळीत त्यानं पॅड मोबाइलवाल्याच्या मांडीवर ठेवलं. कप्तानी गेली.   मेहकरच्या अलीकडं मी त्याला म्हटलं, कट लागली होती. तो म्हणाला, लागली होती. मग मी विचारलं, तर मग समजावून सांग म्हणून उभा का नाही राहिला?

"सातवा होता," तो म्हणाला.

मी डाव्या खिशातले, उजव्या खिशातले, सगळे मांडीवर काढून मोजले. सात. मला काही सुधरेना.

"सकाळी तर तू मोजले."

"हाव."

"मंग काढला काऊन नाही एक?"

"वहिनीनं टाकलेला हाय. मी कोण काढणारा?"

"अन् एवढे लोक? कोणी बोललं नाही ते?"

"सगळ्याइले मालूम होतं," तो म्हणाला. "तुलेच नव्हतं."

मोबाइलवाला खिडकीबाहेर बघत होता. पुढच्या सीटवर मुलगा बसला होता, त्याची मान हलत होती, तो हसत होता की काय ते मागून कळेना. मी त्याला म्हटलं, "मी पुण्याले येत नाही. तू ये सुट्ट्यात." तो मागं वळला नाही. बरं बाबा म्हणाला.

सहा चिंचोके मी खिशात टाकले. खेळायला सहाच लागतात. सातवा कप्तानाच्या हातावर ठेवला. त्यानं तो सदऱ्याच्या खिशात घातला, वरून दोनदा हात फिरवला, आहे ना म्हणून.

पावसाळ्यानंतर त्याच्या लेकीनं त्याला नाशिकला नेलं. गुडघे गेले होते. गिरणीचा पट्टा काढून ठेवलेला आहे, दाराला कुलूप आहे. फटीतून पाहिलं तर कोनाडे दिसतात. एकात दोन कप. दुसऱ्यात चिंचोका आहे. परवापर्यंत तरी होता, उंदरानं नेला नसेल तर.